जागा निघाली हे तरी कळू द्या : उच्च शिक्षण खातं, कुलगुरू आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
उच्च शिक्षण खात्यातले साहेब लोक, राज्यातल्या विद्यापीठांचे कुलगुरू, आणि अनुदानित कॉलेजं चालवणारे सगळे संस्थाचालक

नमस्कार.

तुम्हा तिघांना एकाच पत्रात धरलंय, कारण एकट्याला कोणाला विचारलं की तो बाकीच्या दोघांकडे बोट दाखवतो. खातं म्हणतं आम्ही एनओसी, म्हणजे पद भरायची परवानगी, दिली, पुढचं कॉलेजने बघायचं. कॉलेज म्हणतं आमचं रोस्टर, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं त्याचा तक्ता, विद्यापीठात तपासायला पडलंय. विद्यापीठात गेलं की टेबलावरचा माणूस सांगतो की वर्कलोड, म्हणजे तासांचा हिशोब, सहसंचालकांकडून आलाच नाही. आणि हे तिन्ही खरं असू शकतं हीच तर गंमत आहे, त्यामुळे भांडायचं कोणाशी तेच कळत नाही.

मी इतिहासाचा माणूस. सेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, झालीय, पीएचडी झालीय, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, शिकवतो. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या मुलाखतीला परत तुमच्याच समोर बसायचंय.

पदं भरा, सीएचबी बंद करा, ही मागणी संघटना पुण्यात सेंट्रल बिल्डिंगसमोर बसून वर्षानुवर्षं करतायत आणि बरोबरच करतायत, माझंही त्यालाच मत आहे. पण त्याला पैसे लागतात, वित्त विभाग लागतो, मंत्रिमंडळ लागतं. मी मागतोय ते याच्याहून खूप लहान आहे आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही. जागा कुठे निघाली, किती अर्ज आले, कोणाला किती गुण मिळाले आणि कोण लागलं, एवढं सगळं उघड्यावर ठेवा. बस.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल की जागा निघाली हे कळायला काय अडचण, जाहिरात येते की. येते ना. पण ती आमच्यापर्यंत कशी येते ते बघा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर पेपरातल्या कात्रणाचा फोटो पडतो, तो कुणीतरी चहा पिता पिता काढलेला असतो, अर्ध्या कोपऱ्यावर बोटाची सावली, आणि कात्रण असं कापलेलं की पेपर कुठला आणि तारीख कोणती तेच दिसत नाही. मग खाली प्रश्न सुरू, "सर डेट काय आहे", "सर हिस्टरी आहे का", "ओपनला आहे का", "सर ही मागच्या वर्षीची आहे". बऱ्याचदा ती मागच्या वर्षीचीच निघते. आणि खरी असली तर अर्जाला जाहिरातीपासून पंधरा दिवस दिलेले असतात, त्यातला आठवडा ते कात्रण या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरण्यातच गेलेला असतो.

नियमाने जाहिरात पेपरात दिली की कॉलेजचं काम झालं. पण कुठल्या पेपरात, कुठल्या आवृत्तीत, हे बघितलं तर हुशारी कळते. कॉलेज एका जिल्ह्यात आणि जाहिरात दुसऱ्याच जिल्ह्याच्या आवृत्तीत, आतल्या पानावर, जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा छापतात ना त्यांच्या शेजारी. अक्षर असं की भिंग लागेल. तिकडे कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकच्या मूल्यांकनासाठी टाकलेले वृक्षारोपणाचे फोटो आहेत, योगदिनाचे आहेत, रांगोळी स्पर्धेचे आहेत, भरतीची जाहिरात तेवढी नाही. विचारलं तर "वेबसाइटवाला मुलगा सुट्टीवर आहे".

सगळेच असं करतात असं नाही. काही जुनी कॉलेजं जाहिरात साइटवर टाकतात, अर्जाचा नमुना टाकतात, मुलाखतीला बोलावलेल्यांची यादीसुद्धा लावतात. म्हणजे जमतं. ज्यांना जमवायचं नसतं त्यांच्याबद्दल बोलतोय.

शाळेतल्या शिक्षकांचं बघा. त्यांच्या भरतीसाठी २०१७ पासून पवित्र पोर्टल आहे. त्याच्या तक्रारी मला माहितीयत, माझा चुलतभाऊ टेट ही शिक्षक भरतीची परीक्षा देऊन कितीतरी दिवस त्याच्याकडे डोळे लावून बसला होता, पोर्टल बंद पडतं, याद्या उशिरा लागतात, कोर्टकचेऱ्या होतात. पण त्या मुलाला निदान हे तरी माहीत होतं की राज्यात कुठल्या संस्थेत कुठल्या विषयाची किती पदं आहेत, त्याचे गुण किती, त्याच्या वर कोण आहे. पाचवीला शिकवणाऱ्याला जे कळतं ते एमएच्या वर्गावर शिकवू पाहणाऱ्याला का कळू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

सरकारी कॉलेजातले सहायक प्राध्यापक एमपीएससी घेते. तिथं वेळ किती लागतो ते सोडा, पण जाहिरात एका ठिकाणी, निकाल एका ठिकाणी. केंद्रीय विद्यापीठांसाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये सीयू-चयन नावाचं पोर्टल काढलं, तिथं सगळ्या केंद्रीय विद्यापीठांच्या जागा एकत्र दिसाव्यात हा हेतू. बिहारमध्ये विद्यापीठ सेवा आयोग आहे, बंगालमध्ये कॉलेज सर्व्हिस कमिशन आहे, त्यांच्याकडचे घोळ आणि घोटाळे पण आपण पेपरात वाचतोच, म्हणजे आयोग आला की रामराज्य असं मी म्हणत नाहीये. पण आपल्याकडे अनुदानित कॉलेजात पगार सरकारी तिजोरीतून जातो आणि माणूस निवडायची प्रक्रिया मात्र संस्थेच्या केबिनमध्ये राहते. गोव्याकडे बघावं म्हटलं, आपली सेट महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीसाठी असते, पुणे विद्यापीठच घेतं, तर तिकडे कोकणी लागते आणि रहिवासाची अट लागते. त्यांचंही बरोबर आहे. म्हणजे फिरून आपलं इथंच.

बरं जाहिरात सापडली. आता अर्ज. आमच्या गावातला झेरॉक्सवाला आता मला विचारत पण नाही, फाइल हातात घेतो आणि क्रमाने लावायला लागतो. दहावी, बारावी, बीए, एमए, सेट, पीएचडीचं नोटिफिकेशन, मग जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, मग पेपर्स, मग अनुभवाचे दाखले. त्याला माहितीय की नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं, एप्रिलमध्ये तोच आठवण करून देतो. एक संच कॉलेजला, एक विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाला, आणि काही कॉलेजं तर निवड समितीतल्या प्रत्येकासाठी एकेक संच मागतात. स्पायरल बाइंडिंग करून. स्पीड पोस्टाने. वर डीडी. एकाच विषयाच्या तीन कॉलेजांत अर्ज करायचा म्हटलं तर सीएचबीवाल्याचे बरेच पैसे कागदातच जातात, आणि ज्या मुलीचा नवरा किंवा बाप हे पैसे देणार नाही ती अर्जच करत नाही. हे मी माझ्या दोन वर्गमैत्रिणींच्या बाबतीत बघितलंय, दोघी माझ्यापेक्षा हुशार.

अर्ज पोचला की नाही हे कळायची सोय नाही. पोस्टाच्या ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसतं तेवढंच समाधान. मग मुलाखतीचं पत्र येतं किंवा येत नाही, आणि नाही आलं तर का नाही आलं हे विचारायला फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत".

आता इथं मला यूजीसीचा २०१८ चा नियम सांगायचाय कारण यावर आमच्यातच फार गैरसमज आहेत आणि तुम्ही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. त्या नियमात कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकासाठी गुणांचा तक्ता आहे, ३-बी. त्यात पदवीला ८० टक्क्यांच्या वर असाल तर २१ गुण, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५, नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा जेआरएफसकट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसकट, असेल तर १०, नुसती नेट ८, सेट ५, शोधनिबंध प्रत्येकी २ पण जास्तीत जास्त ६, अनुभव वर्षाला २ पण जास्तीत जास्त १०, पुरस्काराला ३. विद्यापीठ विभागांसाठी वेगळा, ३-ए, तिथं पीएचडीला ३० आणि शोधनिबंधांना १०. पोरं रात्र रात्र बसून बेरीज करतात, माझे एवढे झाले, तुझे किती. आणि त्याच नियमात पुढे स्वच्छ लिहिलंय की हे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवण्यासाठी, निवड होणार ती फक्त मुलाखतीवर. फक्त मुलाखतीवर! म्हणजे वीस वर्षांचं शिक्षण तुम्हाला त्या खोलीच्या दारापर्यंत नेतं, आत गेल्यावर पाटी कोरी.

आणि आत काय होतं तेही सांगतो. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एकच, तोही शिपायाच्या टेबलावर फिरवलेला. सकाळी दहाला बोलावतात, ओरिजनल कागद तपासायला एक क्लार्क बसतो आणि त्याच्या पुढ्यात सगळ्यांची लाइन. विद्यापीठाचे एक्स्पर्ट दुपारी येतात कारण ते लांबून येतात, मग त्यांचं जेवण. तीन-साडेतीनला आत बोलवायला सुरुवात. एका मुलाखतीत मला पहिला प्रश्न होता "गाव कोणतं", दुसरा "तिकडचे अमुक पाटील तुमचे कोण", तिसऱ्याला एक्स्पर्टनी माझ्या थिसिसबद्दल विचारायला तोंड उघडलं, छान प्रश्न होता, निजामाच्या काळातल्या महसुलाच्या कागदांबद्दल होता, मी उत्तर द्यायला लागलो तर संस्थेच्या माणसाने घड्याळ बघितलं. "ठीक आहे सर, कळवू." मी बाहेर आलो. एका माणसाला मात्र आत बराच वेळ ठेवलं होतं आणि तो बाहेर आला तेव्हा शिपायाने उठून त्याला पाणी दिलं. आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघून हसलो. कोण लागणार हे शिपायाला माहीत होतं.

त्या दिवशी कोणाला किती गुण पडले हे मला आजही माहीत नाही. कदाचित तो माणूस खरंच माझ्यापेक्षा चांगला असेल, असेलही, मला कसं कळणार? माहितीच्या अधिकारात मागता येतं हे मलाही माहितीय. पण मागणारा कोण, त्याचं नाव संस्थेला कळतं, संस्थेकडून जिल्ह्यातल्या बाकीच्या संस्थांना कळतं, आणि तेच विषयतज्ज्ञ पुढच्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजात समोर बसलेले असतात, एकेका विषयाला विद्यापीठात तज्ज्ञ असून असून किती असणार. "हा आरटीआयवाला आहे" असं एकदा झालं की संपलं. म्हणून म्हणतो, मागायला लावू नका, स्वतःहून टाका.

आता तो विषय, ज्याच्यावर सगळे बोलतात आणि कोणी लिहीत नाही. डोनेशन. मी कुठल्या संस्थेचं नाव घेणार नाही, पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुरावा मागे राहील असा व्यवहार कोणी करतही नाही. पण अनुदानित जागेचा "रेट" काय चाललाय हे आमच्याकडे लग्न जमवताना विचारतात, उघड, पाहुण्यांच्या पंगतीत. मुलगा नेट-सेट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न "मग जमीन किती आहे". नोकरी लागण्यासाठी जमीन लागते हे गृहीतच धरलेलं आहे.

माझं म्हणणं असं की हा व्यवहार आणि ती कोपऱ्यात छापलेली जाहिरात ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शंभर चांगले अर्ज आले की ठरलेला माणूस वर काढणं जड जातं, एक्स्पर्टला पण लाज वाटते, कोणीतरी कोर्टात जायची भीती असते. आठच अर्ज आले आणि त्यातले तीन आपलेच असले की काम सोपं. म्हणून जाहिरात लपवायची. म्हणून अर्ज कागदावर, पोस्टाने, पाच संचात. ही गैरसोय आळसातून आलीय असं मला आधी वाटायचं, आता वाटत नाही.

आणि याचा त्रास फक्त न लागलेल्यांना होतो असंही नाही. माझा एक मित्र विदर्भातल्या एका कॉलेजात निव्वळ गुणांवर लागला, एक रुपया न देता, तिथले प्राचार्य तसे आहेत. चार वर्षं झाली, अजून त्याला नातेवाईक विचारतात, "खरं सांग, किती दिले?" तो चिडतो, शपथा घेतो, कोणी विश्वास ठेवत नाही. जी संस्था सरळ भरती करते तिलाही सरळ असल्याचा काही फायदा नाही, कारण दाखवायला काही नाही. गुण लावले असते तर त्याने मोबाइल काढून दाखवला असता आणि विषय तिथंच संपला असता. संस्थाचालकांनो, तुमच्यातले जे स्वच्छ आहेत त्यांनी तरी ही मागणी माझ्याआधी करायला पाहिजे होती.

पदांच्या आकड्यांचंही तेच. ३ नोव्हेंबर २०१८ च्या जीआरने ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली. पोरांनी पेढे वाटले. थोडी भरली, तेवढ्यात कोविड आला आणि ४ मे २०२० ला वित्त विभागाने नवीन भरतीच बंद केली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये राहिलेली २,०८८ पदं भरायला परत परवानगी. त्याच्यानंतर दर अधिवेशनात एक नवीन आकडा ऐकू येतो आणि ग्रुपवर त्याची बातमी फिरते, खाली हार्ट आणि हात जोडल्याचे इमोजी. पण ती २,०८८ पदं कुठल्या कॉलेजात, कुठल्या विषयाची, कुठल्या प्रवर्गाची होती, त्यातली कधी भरली, कोणती परत गेली, हे एका पानावर मांडलेलं मला कुठे बघायला मिळालं नाही. खात्याकडे असणारच, त्याशिवाय पगार निघत नाही. मग लोकांसमोर का नाही?

मधल्या काळात शिकवतोय कोण? आम्ही. पदवीच्या तासाला ९०० रुपये, पदव्युत्तरला १,०००, हे दर २०२३ पासूनचे, त्याआधी ६२५ आणि ७५० होते. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. म्हणजे एकही सुट्टी न येता महिना भरला तर ९ गुणिले ४ गुणिले ९००, झाले ३२,४००. पण असा महिना वर्षात येतो कुठे, दिवाळी, परीक्षा, युवक महोत्सव, निवडणुकीची ड्युटी, तास बुडाला की पैसे बुडाले. पैसे पण महिन्याला येत नाहीत, बिल जातं, क्वेरी निघते, परत जातं. यूजीसीने २०१९ मध्येच पाहुण्या प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्या असं सांगितलं होतं. आणि शेजारच्या केबिनमध्ये नवीन लागलेल्याचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. तोच वर्ग, तीच मुलं, तेच पेपर तपासणं. यूजीसीचा तोच २०१८ चा नियम म्हणतो की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर नकोत. हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हसले होते, स्टाफरूम म्हणजे सीएचबीवाल्यांची वेगळी खोली, जुनी जिमखान्याची.

त्यात अनुभवाचा घोळ वेगळाच. तक्त्यात वर्षाला २ गुण आहेत ना, पण सीएचबीचा अनुभव धरायचा की नाही यावर प्रत्येक कॉलेजचा क्लार्क वेगळं सांगतो. एक म्हणतो धरतो, एक म्हणतो विद्यापीठाची मान्यता असेल तर धरतो, एक म्हणतो अजिबात नाही. आमची नेमणूक ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि एप्रिलमध्ये संपते, म्हणजे धरला तरी वर्ष पूर्ण भरत नाही. एकदाचा लेखी खुलासा करून पोर्टलवर चिकटवा, काय असेल तो असू दे.

संशोधनाच्या बाजूला आलो तर जरा बरं आहे आणि जरा वाईट आहे. बरं यासाठी की प्रोजेक्टवरच्या जागा, जेआरएफ, प्रोजेक्ट असोसिएट वगैरे, या आयसर पुणे, एनसीएल, टीआयएफआर असल्या विज्ञान संस्थांच्या साइटवर रीतसर येतात, ईमेलने अर्ज जातो, मुलाखत ऑनलाइन पण होते. सायन्सवाल्या मित्रांचं बघून हेवा वाटतो. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, म्हणजे पीएचडी करणारा विद्यार्थी पीएचडी करून शिकवणाऱ्या सीएचबीवाल्यापेक्षा जास्त कमावतो, आणि मग पाच वर्षांनी तो आमच्या खोलीत येऊन बसतो. वाईट यासाठी की राज्य विद्यापीठांच्या विभागांमध्ये गाइडच उरले नाहीत. माणसं निवृत्त होतात, जागा तशीच राहते, आणि एनआयआरएफचं, म्हणजे केंद्राचं, रँकिंग घसरलं की आपण परत समिती नेमतो.

आणि ज्या नियमांवर आम्ही आयुष्य आखायचं ते नियम तरी एका जागी थांबतात का? विद्यापीठ विभागांत पीएचडी सक्तीची होणार, २०२१ पासून, म्हणून किती जणांनी धावत पळत पीएचडीला अ‍ॅडमिशन घेतलं, मग ती मुदत २०२३ वर गेली, मग २०२३ मध्ये सांगितलं की सक्ती नाही, नेट-सेट पुरे. शोधनिबंध यूजीसीच्या केअर लिस्टमधल्याच, म्हणजे मान्य यादीतल्याच, जर्नलमध्ये पाहिजेत म्हणून लोकांनी उसने पैसे काढून छापले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती लिस्टच बंद. जून २०२४ ची नेट तर एका दिवसात घेतली आणि दुसऱ्या दिवशी रद्द केली. हे सगळं दिल्लीचं, तुमचा दोष नाही, मान्य. पण म्हणूनच जे तुमच्या हातात आहे तेवढं तरी स्वच्छ करा.

तुमचं उत्तर काय येणार ते मला साधारण माहीत आहे. संस्थाचालक म्हणतील आमची स्वायत्तता आहे, अल्पसंख्याक संस्था घटनेतलं ३० वं कलम दाखवतील. दाखवा. मी तुमचा निवडीचा हक्क काढून घ्या म्हणतच नाहीये, तुम्हीच निवडा, फक्त निवडलेल्याचे आणि न निवडलेल्यांचे गुण भिंतीवर लावा. खातं म्हणेल पोर्टल बनवायला टेंडर लागतं. मग पोर्टल नंतर बनवा. सहसंचालक कार्यालयातून ज्या ज्या पदाला एनओसी जाते तिची पीडीएफ त्याच दिवशी संचालनालयाच्या साइटवर टाका, एवढ्याला टेंडर लागत नाही. कुलगुरूंनी एवढंच करावं, जाहिरातीला मान्यता देताना ती विद्यापीठाच्या साइटवर आधी टाकायची आणि अर्जाची मुदत त्या तारखेपासून मोजायची, पेपरातल्या तारखेपासून नाही. निवडीला मान्यता देताना गुणांचा तक्ता सोबत जोडलेला असेल तरच फाइल घ्यायची, आणि तो तक्ता साइटवर लावायचा, नावं नको असतील तर अर्ज क्रमांकाने लावा, आम्हाला चालेल. मुलाखतीचं रेकॉर्डिंग करा. निवड समितीपुढे न बसताही मला कळलं पाहिजे की मी कुठे कमी पडलो, म्हणजे पुढच्या वेळी त्याची तयारी तरी करेन.

परदेशातले आपले लोक सांगतात, इंग्लंडमध्ये बहुतेक विद्यापीठांच्या जागा एका साइटवर मिळतात, युरोपात युरॅक्सेस आहे, पगार किती ते पण जाहिरातीत लिहिलेलं असतं. तिकडेही नोकऱ्यांची मारामारच आहे, एकेका जागेवर शेकड्याने अर्ज, पण पोरगं घरी बसून लॅपटॉपवरून अर्ज तरी करतं. स्पायरल बाइंडिंग लागत नाही.

कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, सीएचबीच्या वॉक-इन मुलाखती जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. एनओसीच्या पीडीएफ आणि विद्यापीठाच्या साइटवरची जाहिरात एवढ्या दोन गोष्टींचं परिपत्रक मे महिन्यात निघालं तर याच वर्षी लागू होईल. परिपत्रक काढलंत तर त्याचा नंबर आणि तारीख साइटवर टाका, फॉरवर्ड करायचं काम आमचे ग्रुप करतील.

आपला,
मराठवाड्यातला एक सीएचबी प्राध्यापक (इतिहास)